लाईट येईपर्यंत

संकेश्वरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तुम्हाला शिंक येते. काळ मागे गेल्याची ही खूण समजू नका. लाल मिरचीचा हंगाम आहे, अडतीत पोती उलटतायत, आणि संकेश्वरी मिरचीचा खकाणा पाहुण्याला आणि गाववाल्याला सारखाच लागतो. दुसऱ्या श्वासाला हिरण्यकेशी साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास. फेब्रुवारी २००१, रविवार, दुपारचे तीन. गडहिंग्लजची लाल एसटी आणि हुक्केरीची कर्नाटक बस अंगाला अंग लावून उभ्या आहेत. एकीची पाटी मराठीत, दुसरीची कन्नडात, आणि चढणारी माणसं दोन्ही न वाचताच चढतात.

तुमचं वय चौदा आहे. खिशात दहाची नोट आहे आणि घरी सांगितलंय की शंकरलिंगाच्या देवळात जाऊन येतो.

देवळाच्या उलट दिशेला, स्टँडमागच्या बोळात, टायपिंग क्लासच्या खाली एक खोली आहे. क्लासच्या परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे रविवारीही वरून टकटक चालू. खालच्या खोलीला पाटी नाही. दाराबाहेरचा चपलांचा ढीग हीच पाटी. आत तीन टीव्ही, खिडकीला गोणपाट, आणि दाराशी टेबलामागे अण्णा. त्यांच्यापुढे दोनशे पानी वही. नोट दिलीत की ते वहीत तुमचं नाव लिहितात, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ लिहितात. दहा रुपयांना एक तास.

"कुठला लावू? कुस्ती, गाड्या, का भुताचा?"

"भुताचा," तुम्ही म्हणता. आवाज थोडा चिरकतो.

टीव्हीखाली राखाडी चपटा डबा आहे, सोनीचा प्लेस्टेशन. तो कुठल्या वाटेनं इथवर आला हे विचारायचं नसतं. सीडीवर स्केचपेननं दोनच अक्षरं लिहिलीत: आर, ई. रेसिडेंट ईव्हिल. जपानात याचं नाव बायोहॅझर्ड. अमेरिकेत ते नाव आधीच दुसऱ्यांनी घेतलेलं होतं म्हणून बदलावं लागलं. या खोलीत मात्र दोन्ही नावं चालत नाहीत. इथं तो 'भुताचा'च, जरी आत एकही भूत नसलं तरी.

जंगलातला एक बंगला. तुम्ही पोलीस पथकातली जिल आहात. क्रिस घेता आला असता, पण मागच्या बाकावरच्या पोरांनी आधीच बजावलंय की जिलच्या खिशात आठ वस्तू मावतात आणि क्रिसच्या सहाच. इथली पोरं रेशनच्या रांगेत उभी राहिलेली आहेत, त्यांना दोन जागांची किंमत कळते.

जेवणाची लांबलचक खोली. घड्याळाची टिकटिक. तुम्ही रिमोटवरचं वरचं बटण दाबता तर जिल वर जात नाही, तिचं तोंड जिकडं आहे तिकडं जाते. वळायचं असेल तर आधी जागच्या जागी फिरवायची, मग चालवायची. उसानं भरलेली ट्रॉली ज्यानं मागं घेतलीय त्याला हे लगेच जमतं. बाकीचे भिंतीला घासत राहतात. कॅमेरा तर तुमच्या हातात नाहीच. तो कधी छताला चिकटून बसतो, कधी कोपऱ्यात. बोळाच्या वळणापलीकडं काय आहे ते त्याला हवं तेव्हाच दिसणार. पलीकडून ओलं काहीतरी चघळल्याचा आवाज येतो.

वळण. एक माणूस पडलाय, दुसरा त्याच्यावर वाकलाय. वाकलेला मान वळवतो. अगदी सावकाश, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखी.

खोलीतली सगळी पोरं एकदम गप्प होतात. वरच्या मजल्यावरची टकटक तेवढी ऐकू येते.

"मारू नगंस," मागून एक मोठा पोरगा कुजबुजतो. "चुकीव त्याला. गोळ्या ऱ्हाऊ देत."

पिस्तुलात पंधरा गोळ्या. एकेक मढं पाडायला चार-पाच, कधी जास्तच लागतात. हिशेब करा. हिशेब केल्यावर जी भीती वाटते ती त्या वळलेल्या मानेपेक्षा जुनी आहे. महिनाअखेरीला पिठाचा डबा हलवून बघणाऱ्या आईच्या तोंडावर तुम्ही ती पाहिलेली आहे. जीव भरायला कुंडीतला पाला मिळतो. हिरवा जखमेला, निळा विषाला. तांबडा एकटा कुचकामी, हिरव्यात मिसळला की रामबाण. तोही मोजकाच.

एका खोलीत एक डायरी सापडते. इंग्रजीत आहे. इथं 'वाचणारा' लागतो आणि तो प्रत्येक पार्लरात एक असतोच: इंग्रजी बऱ्यापैकी येणारा, पैसे नसलेला, त्यामुळे दुसऱ्याच्या तासावर जगणारा. तो पुढं सरकतो आणि मराठीत सांगू लागतो. कुत्र्यांची देखभाल करणारा कुणी नोकर आहे. पत्ते खेळल्याचं लिहितो, मग अंगाला सुटलेल्या खाजेचं, मग भुकेचं. वाक्यं लहान होत जातात. शेवटच्या पानावर दोनच शब्द उरतात, एक खाजेचा आणि एक चवीचा. वाचणारा थांबतो. "पुढं?" तुम्ही विचारता. "पुढं कोण लिव्हणार?" तो म्हणतो.

मग ती खोली येते, जिथं कुणी अंगावर येत नाही. संगीत मऊ होतं. टेबलावर टाइपरायटर. इथवरचा खेळ जपून ठेवायचा असेल तर त्याला रिबन लागते. एकदा ठेवलं की एक रिबन खर्च. तुमच्याकडं एकच उरलीय. वर, डोक्यावर, टायपिंग क्लासमध्ये अगदी हेच चाललंय: रिबन फिकट झाली की उलटी करायची, आणि सरांची नवी काढायची तयारी नसते.

पण इथं आणखी एक गोष्ट आहे, जी त्या बंगल्याच्या बापालाही ठाऊक नाही. सबंध पार्लरमध्ये मेमरी कार्ड एकच आहे. त्यात पंधरा खण. कुस्तीवाल्यांचे, गाडीवाल्यांचे, सगळ्यांचे मिळून पंधरा. तुम्ही आज रिबन खर्चून ठेवाल आणि उद्या कुणीतरी जागा हवी म्हणून पुसून टाकेल. तो पुसणारा कोण हे कधीच कळत नाही. तरीही ठेवता. बटण दाबता. पडद्यावर अक्षरं उमटतात, कार्ड तपासणं चालू होतं आणि

लाईट जाते.

"गेलीऽऽ!" तिन्ही टीव्हींसमोरून एकाच सुरात. कुणीतरी शिट्टी मारतो. गोणपाटामुळं अंधार खरा अंधार आहे. तुमच्या हातात रिमोट तसाच आहे, मेलेला. घड्याळात तुमची किती मिनिटं उरली होती? कार्डावर लिहिलं गेलं की नाही?

या गेममध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होतो. मधोमध फक्त एक दार असतं, ते करकरत उघडतं आणि तुम्ही आत ओढले जाता. ती दारं भीती दाखवायला आहेत असं सगळे समजतात. त्यांचं खरं काम वेगळं: सीडीवरून पुढची खोली उचलून मशीनच्या अवघ्या दोन एमबी मेमरीत बसवेपर्यंत तुम्हाला गुंतवून ठेवायचं. आत्ता पडदा काळाच आहे. बघा नीट. मधोमध एक दार दिसतंय.

ते उघडतं थेट धुक्यात. पहिल्यांदा वाटतं की आंबोली. हिरण्यकेशी नदी जिथं उगम पावते तिथं पावसाळ्यात एसटीचा ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून गाडी चालवतो, तसलंच धुकं. पण वरून बर्फ भुरभुरतोय. हे १९९९ आहे आणि हे गाव कोनामी कंपनीनं बांधलंय. कोनामी हे नाव तुमच्या खोलीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, टीव्ही-गेमच्या कॅसेटमधल्या 'कॉन्ट्रा'मुळं. तीच कंपनी, पण इथं नायकाला धड नेम धरता येत नाही. तो लेखक आहे, पळाला की धापा टाकतो, आणि हरवलेल्या मुलीला शोधतोय. गेमचं नाव सायलेंट हिल, दिग्दर्शक केइचिरो तोयामा. रेसिडेंट ईव्हिलच्या खोल्या म्हणजे आधी रंगवून ठेवलेली चित्रं होती. इथं सबंध गाव चालत्या खेळात मशीननं काढायचंय आणि मशीनला लांबचं काढता येत नाही. मग जे काढता येत नाही त्यावर धुकं ओढलं. अंगणातली भेग झाकायला घातलेली रांगोळीच घरची शोभा ठरावी, तसं झालं.

नायकाच्या खिशात एक लहान रेडिओ आहे. काहीतरी जवळ आलं की तो खरखरतो. तुम्हाला याची सवय आहे. घरचा ट्रान्झिस्टर सांगलीवरून धारवाडकडं फिरवताना मधे नेमकी हीच खरखर लागते, धड मराठी नाही, धड कन्नड नाही. त्या खरखरीत कुणीतरी बोलतंय असं तुम्हाला लहानपणी वाटायचं. धुक्यात फार रेंगाळू नका. दार.

ओसाका, निप्पोनबाशी. रेडिओ, टीव्ही, गेम यांच्या दुकानांची गल्ली. तारीख २२ मार्च १९९६, शुक्रवार. बायोहॅझर्ड आज विक्रीला आलाय. गर्दी वगैरे काही नाही. कंपनीलाही फार मोठी आशा नव्हती. हाच गेम पुढं साडेसत्तावीस लाख खपणार आहे, पण हे तुम्ही इथं कुणाला सांगायला जाऊ नका, आणि सांगणार तरी कुठल्या भाषेत? दुकानातल्या टीव्हीवर सुरुवातीचा प्रसंग चालू आहे. जिल बोलते ती इंग्रजीत! खाली जपानी अक्षरं. जपानी आवाजांत रेकॉर्डिंग झालं होतं, ते पसंत पडलं नाही म्हणून टाकून दिलं. म्हणजे हे शाळकरी पोर, जे काउंटरशी टाचा उंचावून बघतंय, त्यालाही जिल काय बोलते ते कळत नाहीय. त्यालाही खाली वाचावं लागतंय. त्याच्याजवळ खाली अक्षरं आहेत, तुमच्याजवळ तो 'वाचणारा'. एवढाच फरक.

याच शुक्रवारी संकेश्वरात काय चाललंय? अजून ईडन गार्डन्स चाललंय. १३ मार्चला श्रीलंकेविरुद्धचा विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांनी बंद पाडला, कांबळी रडत परतला, आणि नऊ दिवस झाले तरी कटिंगच्या दुकानात त्यावरच बोलणं आहे. ओसाकात काय विकायला आलंय याची तिथं कुणाला फिकीर नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढचं दार जड आहे. हळू उघडतं. इथं थोडं जास्त थांबू.

मार्च १९९५, पुन्हा ओसाका, कॅपकॉम कंपनी. दोन महिन्यांपूर्वी, १७ जानेवारीच्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी, शेजारचं कोबे हादरलं. सहा हजारांवर माणसं गेली. तुम्ही त्याआधी किल्लारीचा भूकंप पाहिलेला आहे, पेपरातल्या फोटोंत का होईना. ३० सप्टेंबर १९९३, तीही पहाटच, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची. त्यामुळं इथली माणसं कपाटाला हात लागला तरी दचकतात हे तुम्हाला विचित्र वाटत नाही. त्यात २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला गेला. हवेतून काहीतरी येतं, दिसत नाही, आणि माणसं पडतात. आणि इथं, या ऑफिसात, प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूची गोष्ट रचली जातेय.

टेबलाशी बसलेत ते शिंजी मिकामी, वय एकोणतीस. आतापर्यंत त्यांनी बरंचसं काम केलं ते डिस्नेच्या पात्रांवर. अलादिनचा गेम त्यांचाच. अशा माणसाला भयाचं काम कुणी दिलं? त्यांचे वरिष्ठ तोकुरो फुजिवारा यांनी. कारण विचारलंत तर गंमत आहे. मिकामींना घाबरायला अजिबात आवडत नाही, म्हणून. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला ती शिजवता कशी येईल? आमच्याकडं तिखट न खाणाऱ्या सुनेच्या हातात मिरचीचा डबा देत नाहीत, पण फुजिवारांचं तर्कशास्त्र उलटं आहे आणि मला ते पटतं. तिखट न सोसणाऱ्यालाच एका मिरचीनं कुठवर झोंबतं ते नेमकं माहीत असतं.

पहिले कित्येक महिने मिकामी जवळजवळ एकटेच कागद भरत होते. बंगला सगळ्या बाजूंनी फिरता यावा, सगळं थेट डोळ्यांनी दिसावं, हा पहिला बेत. मशीनला तो पेलेना. मग रंगवलेल्या खोल्या आणि ठोकून बसवलेले कॅमेरे, फ्रान्समध्ये १९९२ साली निघालेल्या 'अलोन इन द डार्क'सारखे. ते ऋण मिकामींनी खूप वर्षांनी मान्य केलं. म्हणजे बोळाच्या वळणावर तुमचा जीव घशाशी आणणारा तो कॅमेरा ही आधी तडजोड होती. पैसे पुरत नाहीत म्हणून माजघराला एकच खिडकी ठेवावी आणि मग त्या माजघराच्या अंधाराच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगाव्यात.

बंगल्याच्या आराखड्यामागं 'द शायनिंग'मधलं ओस लॉज आहे. मूळ कादंबरी स्टीफन किंगची. हे ऐकून तुम्हाला वाचनालयातलं ते पुठ्ठा निघालेलं पुस्तक आठवतं का? नारायण धारप. त्यांच्या 'आजी' या कथेमागंही किंगचीच एक कथा आहे. एकच अमेरिकन माणूस एका वाटेनं ओसाकात शिरला आणि दुसऱ्या वाटेनं मराठी वाचनालयात. धारपांनी त्याला ओटा, माजघर आणि आजी दिली. मिकामींनी त्याला रिबन दिली.

आणि ही रिबन प्रत्येक देशात सारखी नाही बरं. अमेरिकेत पाठवताना गेम मुद्दाम कठीण करतात, रिबनाही कमी करतात. तिथं पोरं गेम भाड्यानं आणतात. शनिवार-रविवारात संपवून परत केला तर विकत कोण घेणार? हे वाचून तुम्हाला हसू येतं. अण्णांच्या खोलीतली सीडी अमेरिकन आहे. भाडेकऱ्यांना दमवण्यासाठी कसलेली दोरी, आणि तुम्ही तर तासावरचे भाडेकरू.

अजून एक दार आहे, लहानसं. बटबटीत चौकोनी ठिपक्यांनी काढलेलं.

१५ डिसेंबर १९८९. फुजिवारांनी तेव्हा फॅमिकॉम या मशीनसाठी केलेला 'स्वीट होम' आज बाहेर पडतोय; याच नावाचा कियोशी कुरोसावा यांचा सिनेमा वर्षाच्या सुरुवातीला येऊन गेलाय. बायोहॅझर्डची सुरुवात या गेमची नवी आवृत्ती काढायची म्हणूनच झाली होती. पाच माणसं एका मेलेल्या चित्रकाराच्या बंगल्यात जातात. प्रत्येकाकडं एक वस्तू: एकाकडं लायटर, एकीकडं औषधांची पेटी, एकीकडं धूळ ओढायचं यंत्र. जो मेला तो मेला, परत उठत नाही. आणि दारं! काळ्या पडद्यावर करकरत उघडणारं दार इथलंच. जपानबाहेर हा गेम कंपनीनं कधीच विकला नाही.

पण या दारातून तुम्ही बंगल्यात जात नाही.

तुम्ही दोन वर्षांचे आहात, आजीच्या मांडीवर, संकेश्वरातच, त्याच रात्री. लाईट गेलेली आहे. काल सियालकोटची कसोटी संपली; वकारचा चेंडू नाकावर घेतलेल्या त्या सोळा वर्षांच्या पोराबद्दल ओसरीवर चुलते बोलतायत. आत कंदील. भोवती आतेभावंडं. आजी चकव्याची गोष्ट सांगतेय: नदीकाठच्या मळ्यातून रात्री परतणारा गडी, बांध ओलांडतो, पुन्हा तोच बांध, पुन्हा तीच बाभळ, रात्रभर स्वतःच्याच रानाला फेऱ्या.

"मग काय करायचं?" कुणीतरी विचारतं.

"चालायचं न्हाई. हाय तितंच बसायचं, उजाडस्तोवर." मग गोष्टीच्या मधेच, सूर न बदलता, ती सुनेला सांगते, "वात बारीक कर गं. रॉकेल म्हैनाभर पुरवायचंय."

वात खाली जाते. भिंतीवरच्या सावल्या मोठ्या होतात. गोष्ट पुढं सुरू होते, आणि आता सगळी पोरं आजीला जास्त चिकटून बसलेली आहेत.

पंखा गरगरतो. ट्यूब दोनदा फडफडून पेटते. "आलीऽऽ!"

२००१. टीव्ही आधी निळा होतो, मग काळा, मग सोनीचं नाव. सुरुवातीचा पडदा. तुम्ही कार्ड उघडता. पंधरा खण. कुस्ती, कुस्ती, गाड्या, कुस्ती. दोनदा वरून खाली बघता. मागचा मोठा पोरगा तुमच्या खांद्यावरून वाकतो, काही बोलत नाही. वाचणारा तर केव्हाच दुसऱ्या टीव्हीपुढं सरकलाय.

अण्णा घड्याळाकडं बघतात. वही पुढं ओढतात, पेन झटकतात, दोनदा कागदावर ओढून बघतात कारण शाई उतरत नाहीय.

"बावीस मिनिटं ऱ्हायली तुजी," ते म्हणतात. "आत्ता खेळतोस, का फुडच्या रविवारी? लिवून ठेवतो."

वर टायपिंग क्लास पुन्हा सुरू झालाय. तुम्ही पडद्यावरच्या रिकाम्या बंगल्याकडं बघता, मग वहीकडं.

"लिवा," तुम्ही म्हणता.

ते लिहितात. मग थांबून, पेन तसंच धरून, "नाव काय म्हणालास?"